ऊर्मीची पहिली कबुली

मार्कहॅम, कॅनडा
१४ ऑक्टोबर २००८

राधाताईस शशीचा जयभीम.

ताई, तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या उतरताना अजून कटकट वाजतो का? डोळ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? मोतीबिंदू पिकला असेल तर करून घे, "हिवाळ्यात पाहू" म्हणत बसू नकोस. नंदनची साखर खाली आली का? त्याला सांग, गोळी घ्यायची आणि वर जिलबी खायची म्हणजे एका हातानं चूल विझवायची नि दुसऱ्या हातानं फुंकणी मारायची. पद्मजाची कंबर कशी आहे? ती सून असून आपणहून सांगायची नाही, म्हणून मीच विचारतो. शेजारच्या म्हातारीचा खोकला थांबला का, की अजून अख्ख्या गल्लीला जागवते?

माझं बरं चाललं आहे. ऑगस्टमध्ये आलो तेव्हा अंगात सदरा पुरत होता, आता सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर जाकीट. विशाल नि रचना सकाळी सातलाच ऑफिसला निघतात. ऊर्मीला शाळेत सोडायचं नि आणायचं काम माझ्याकडे. दुसरीत आहे पोरगी. शाळा चालत जाण्यासारखी, निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, शिस्त चांगली. शाळेचं नाव लांबलचक आहे, ते लिहून काय करायचं.

आज चौदा ऑक्टोबर. तू दीक्षाभूमीला गेली असशील. बापाच्या मागं आपण दोघं पायी गेलो होतो, तू चौदाची नि मी आठाचा, ते आज सकाळपासून डोळ्यापुढं आहे. आम्हीही इथं बेसमेंटमध्ये वंदना घेतली. सगळं छान झालं. सर्वांना जयभीम.

पद्मजा, इथं थांब. पत्र संपलं म्हणून ताईला सांग. पुढचं तू एकटीनं वाच, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

त्रिशरण-पंचशील मी ऊर्मीला दोन महिन्यांत शिकवलं. खडाखड म्हणते. आज माझ्या शेजारी मांडी घालून बसली, म्हटलं सगळं. "साधु, साधु, साधु" म्हणून आम्ही बुद्धासमोर वाकलो. आणि वाकून उठताना पोरीनं उजव्या हाताची बोटं कपाळाला लावली, मग छातीला, मग डाव्या खांद्याला, मग उजव्या. जेवल्यावर आपण पाण्याचा घोट घेतो तितक्या सहज.

पद्मजा, मी वीज मंडळात लाइनमन होतो. जन्म खांबावर काढला. चालू तारेचा झटका काय असतो ते मला ठाऊक आहे. आज तो बसल्या जागी लागला.

"बेटा, हे काय केलंस?"

"प्रेयर संपली ना, आबा. संपल्यावर करतात."

विशाल माझ्याकडे बघेना. रचना वर चहा टाकायला गेली. मी मागोमाग गेलो आणि ओट्यापाशी उभं राहून सगळं काढून घेतलं. या प्रांतात सरकारच्या पैशानं दोन तऱ्हेच्या शाळा चालतात, एक सगळ्यांची नि एक कॅथलिकांची. लहान वर्गात कॅथलिक शाळेत घालायचं तर मूल कॅथलिक पाहिजे. शाळा चांगली, घराजवळ, वर युनिफॉर्म. म्हणून ऊर्मी तीन वर्षांची असताना या दोघांनी तिचा बाप्तिस्मा करून टाकला होता. रचनाच्या ऑफिसातली एक गोव्याची बाई धर्ममाता म्हणून उभी राहिली. आम्हाला नागपूरला कुणी अवाक्षर कळवलं नाही.

"आबा, तुम्ही उगाच मोठं करता," मागून वर आलेला विशाल म्हणाला. "जस्ट पाणी टाकलं डोक्यावर. दहा मिनिटांचं काम. तुम्ही नव्हतं का मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं? सिस्टरच्या दारात तीन दिवस उभे राहून? मी झालो का ख्रिश्चन?"

"तुझ्या वेळी सिस्टरनं फी विचारली होती रे. विश्वास नव्हता विचारला. तुम्हाला काय विचारलं?"

रचना सिंककडे तोंड करून म्हणाली, "देवावर विश्वास ठेवता का, पोरीला याच धर्मात वाढवाल का, असं विचारलं. आम्ही म्हटलं, हो."

बाबासाहेबांच्या शब्दावर आमच्या बापानं देव्हारा उचलून विहिरीत सोडला होता. त्याच्या नातवानं शाळेच्या युनिफॉर्मसाठी "हो" म्हटलं. ताईला हे सांगू नकोस. तिचा जीव थोडा थोडा होईल.

— शशीमामा


मार्कहॅम
७ डिसेंबर २००८

ताई,

तुझं पत्र आलं. अक्षर पद्मजाचं, पण वाचताना कानात तुझाच आवाज. "पद्मजा वाचता वाचता थांबली, तवाच समजलं मले. डोये गेले माह्ये, कान नाही गेले." मेलो मी. चोराच्या पावलांना पहिली ओळखणारी तूच, लहानपणी गुळाच्या डब्याला हात लावला की पलीकडच्या खोलीतून ओरडायचीस. पद्मजावर रागावू नकोस, तिनं माझं ऐकलं इतकंच.

आणि तू पुढं लिहिलंस ते मी चारदा वाचलं. "आपल्याले बापानं कुठं इचारलं होतं? पण तो सोता मनापासून उभा होता. तुह्या पोराचं मन कुठं उभं होतं, ते सांग." मी ते विशालला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आत्याचं इमोशनल असतं सगळं." पण जेवला नाही नीट.

ताई, मी चाट पडलोय आणि ते काही कमी होत नाही. मी सातवी शिकलेला माणूस, जे वाचलं ते विहाराच्या कपाटातलं. माझी समजूत अशी, की पश्चिमेत विज्ञान आलं नि धर्म गेला, जसे खेड्यात खांब आले नि कंदील गेले. इथं येऊन पाहतो तर चर्च ओस पडलेली. आमच्या रस्त्यावर एक चर्च विकलंसुद्धा, तिथं आता कॉन्डो, म्हणजे फ्लॅट होणार. मी म्हटलं, बरोबर होतं आपलं. पण ऊर्मीच्या त्या बोटांनंतर मी डोळे उघडून बघायला लागलो. इथल्या लायब्ररीत जाऊन बसतो, डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी वाचतो, दिवसाला चार पानं. आणि ताई, तो कंदील गेलेला नाही. तो भिंतीतल्या तारेसारखा झालाय. बटण दाबणाऱ्याला ठाऊकही नसतं तार कुठून आली.

रविवारची सुट्टी घे. सालाचा आकडा घे, मी वर २००८ लिहिलं ते कुणाच्या जन्मापासून मोजलेलं? बुद्धजयंतीच्या पत्रिकेवरही आपण तेच साल छापतो की. पण ही झाली वरवरची गोष्ट. परवा ग्रोसरीच्या दुकानात माझी सामानाची ढकलगाडी एका बाईच्या पायावर गेली. चूक माझी, आणि "सॉरी, सॉरी" ती म्हणते! मी माफी मागायला तोंड उघडेपर्यंत ती मागून मोकळी. ही कबुलीची सवय हिला कुठून लागली?

आमच्या शेजारी एक म्हातारा आहे, गोरा, एकटा राहतो. देव-बिव थोतांड आहे असं मोठ्यानं सांगतो. मला आनंद झाला, म्हटलं आपला माणूस भेटला. मागच्या आठवड्यात बर्फ पडलं तर पहाटे हा समोरच्या विधवा बाईचं अंगण शोव्हल करून, म्हणजे फावड्यानं बर्फ उपसून, हळूच घरात. मी खिडकीतून पाहिलं. दुपारी विचारलं तर हा लाल झाला, "कुणाला सांगू नका." मी म्हटलं, चांगलं काम केलं, मग लपवायचं काय? आपल्याकडे विहाराला पंखा दिला तर तिन्ही पात्यांवर नाव लिहितात. गरगर फिरलं तरी वाचता आलं पाहिजे!

तो म्हणाला, "दाखवून केलं की त्याची किंमत जाते."

"हे कुणी शिकवलं?"

"आईनं."

"आईला?"

तो डोकं खाजवत म्हणाला, "आईला... चर्चनं असणार." आणि आपल्याच उत्तरावर इतका दचकला की मला हसू आवरेना.

पण ताई, सगळं असं गोड नाही. लायब्ररीतच मला दुसरी गोष्ट कळली आणि त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. इथले जे मूळचे लोक, त्यांची लहान लहान पोरं शंभर वर्षं सरकार उचलून न्यायचं आणि चर्चच्या बोर्डिंग शाळांत घालायचं. केस कापायचे, आपल्या भाषेत बोललं तर मारायचं, धर्म बदलायचा. किती तरी पोरं घरी परत आलीच नाहीत. मी यायच्या आधी, याच जूनमध्ये, इथल्या पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून त्याबद्दल माफी मागितली. मी विशालला म्हटलं, "त्या माय-बापांच्या कुशीतून पोरं ओढून नेली रे. आणि तू आपण होऊन नेऊन दिलीस."

"आबा, दोन्ही एक नाही," तो ओरडला.

एक नाही हे मलाही कळतं. पण तो ओरडला का?

सध्या घरात एकच प्रश्न आहे. मे महिन्यात ऊर्मीच्या वर्गातली सगळी मुलं पहिल्यांदा कम्युनियन घेणार. म्हणजे फादर पोळीसारखी पातळ चकती हातावर ठेवतो आणि ते येशूचं शरीर आहे असं मानून खायचं. विशाल म्हणतो, वर्गाबरोबर करून टाकेल, फोटो काढू, विषय संपला. मी म्हणतो, न मानता खायचं म्हणजे त्या लोकांचीही थट्टा नि आपलीही. रचना काही म्हणत नाही. ती पांढरा फ्रॉक बघून आली आहे.

बापाचा नातू एकदा खोटं बोलला. आता बापाची पणती बोलणार की नाही, एवढंच मला बघायचं आहे. आणि मला यात काय अधिकार आहे तेही उमगत नाही.

पुढची पत्रं पद्मजानं सगळी वाचावीत.

— शशी


मार्कहॅम
२२ मार्च २००९

ताई,

डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, हे वाचून बरं वाटलं. पण पत्र अजून पद्मजाकडूनच वाचून घे, डोळ्याला ताण देऊ नकोस.

आता ऐक. ऊर्मी इंग्रजीत बोलते, मी मराठीत लिहितो. पण बोलणं तिचंच आहे, मी मीठमसाला घातलेला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी शाळेतून आली आणि म्हणाली, "आबा, मला सिन्स पाहिजेत. दोन-तीन तरी."

"काय पाहिजे?"

"पापं. मी केलेली. पुढच्या गुरुवारी कन्फेशन आहे. फादरला एकटं भेटून सांगायचं. टीचर म्हणाली, आठवून या."

मला हसू फुटलं. वांगी-टोमॅटो जमवावेत तशी पोरगी पापं जमवत होती. डायनिंग टेबलावर हनुवटी टेकून बसली. ब्रोकोली पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून फेकली, हे एक. मैत्रिणीचं खोडरबर घेतलं, हे दुसरं. "पण मी ते परत दिलं, आबा. मग अर्धं धरायचं का?"

मी म्हटलं, धर अर्धं.

मग ती पायानं खुर्ची ठोकत राहिली. "एक मोठं आहे. पण ते माझं आहे की मम्मी-पपांचं, मला कळत नाही."

"कोणतं गं?"

"मम्मी-पपांनी फादरला सांगितलं की ते बिलीव्ह करतात. ते नाही करत. तुम्ही पपांना ओरडत होता तेव्हा मी जिन्यावर होते. मी शाळेत आहे ते त्या खोट्यामुळेच ना? मग ते माझं पण झालं का?"

ताई, सात वर्षांचं पोर. आपण या वयात लगोऱ्या खेळत होतो. आपल्याकडे सात वर्षांच्या पोराला मोठी माणसं विचारतात, कुणी मारलं, कुणी चोरलं, कुणाचं नाव सांग. "तू काय केलंस ते तूच आत बघून सांग," असं कुणी कधी विचारलं होतं? मला साठ वर्षांत कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं हेच बापाला सांगितलं. विशालच्या हातातला घास हातातच राहिला.

"ऊर्मी, ते नाही सांगायचं हं, बेटा. दॅट्स अ फॅमिली मॅटर. शाळेतून काढतील तुला."

"पण पपा, तिथं सगळं सांगायचं असतं. ते त्याच्यासाठीच आहे."

"ब्रोकोलीचं सांग ना!"

"आबा," ती माझ्याकडे वळली, "पंचशीलमध्ये पण आहे ना, खोटं नाही बोलायचं?"

आहे. मीच शिकवलं. विशालनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नि त्या फादरनं मिळून त्याच्याविरुद्ध कट केला आहे.

गुरुवारी संध्याकाळी गेलो. मी पहिल्यांदाच चर्चच्या आत पाऊल टाकलं, खोटं कशाला बोलू, पाय जड झाला होता. आत लाकडाला लावलेल्या मेणाचा नि ओल्या कोटांचा वास. पोरं रांगेत उभी, एकमेकांना कोपरं मारत खुसखुसत होती. कडेला छोटी लाकडी खोली, आत एकेकानं जायचं नि दार लावायचं. बाकीची पोरं आत गेली नि पाण्यात बुडी मारून यावं तशी बाहेर आली. ऊर्मी आत गेली, ती येईचना. विशालचा गुडघा हलत होता, सगळं बाक थरथरायला लागलं. रचनानं त्याच्या मांडीवर हात ठेवला.

दार उघडलं. पोरगी सरळ पुढं गेली, गुडघे टेकले, डोळे मिटले, उठली, कोट घातला. गाडीत विशालनं विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"पपा, हे विचारायचं नसतं."

घरी आल्यावर मात्र बूट काढता काढता मला म्हणाली, "फादर म्हणाले, ते माझं नाही. आणि मला थँक्यू म्हणाले."

मग आम्ही वाट पाहत बसलो. शाळेतून आज फोन येईल, उद्या येईल. विशाल मोबाइल वाजला की दचकायचा. आठवडा गेला. काही नाही. मला राहवेना. शनिवारी फिरायला म्हणून निघालो तो चर्चपाशी. म्हातारा फादर डोक्याला लोकरीची टोपी घालून पायऱ्यांवर मीठ टाकत होता, इथं बर्फावर पाय घसरू नये म्हणून टाकतात. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हटलं, "फादर, माझ्या नातीनं तुम्हाला एक गोष्ट सांगितली."

तो म्हणाला, "तुमची नात माझ्याकडे आली होती की नाही, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"पण तुम्हाला ठाऊक आहे! मग आता तुम्ही काय करणार?"

"आज थंडी फार आहे," तो म्हणाला, आणि मिठाची एक बादली माझ्या हातात दिली. ताई, आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही.

मी थक्क होऊन घरी आलो. आपल्या वस्तीत सकाळी नळावर बोललेली गोष्ट दुपारी पीठगिरणीवर पोचते आणि संध्याकाळी आपल्याकडेच नवी म्हणून परत येते. आणि हा माणूस, ज्याला फसवलं गेलं, ज्याच्या हातात सगळं आहे, तो ते वापरणार नाही. उद्या मरेल तरी नाही. रचना म्हणाली, इथले डॉक्टर, वकील, समुपदेशकही असेच, पेशंटचं आईलासुद्धा सांगत नाहीत. मला वाटतं या सवयीचं मूळ त्या लाकडी खोलीत असेल. मी काही पंडित नाही, चुकतही असेन. पण ज्या धर्मानं त्या मूळच्या लोकांच्या पोरांचे केस कापले, त्याच धर्मात सात वर्षांच्या पोरीचं गुपित असं सांभाळतात, हे दोन्ही माझ्या एका डोक्यात मावत नाही.

फादर काही करणार नाही. म्हणजे आता जे करायचं ते आमच्याच माथी.

— शशी


मार्कहॅम
६ मे २००९

ताई,

शनिवारी कम्युनियन होतं. मी न जाण्याचं ठरवलं होतं. सकाळी ऊर्मी पांढरा फ्रॉक घालून माझ्या खोलीत आली, डोक्यावर जाळीदार ओढणी, आणि म्हणाली, "आबा, तुम्ही यायला पाहिजे." मग काय, घातली पँट नि निघालो.

चर्च भरलेलं. चिनी, फिलिपिनो, केरळी, गोरे, सगळ्यांच्या पोरी पांढऱ्या फुलांसारख्या. विशालनं कॅमेरा काढून ठेवलेला. पोरं एकेक करून पुढं जात होती, हात पुढं करत होती, फादर चकती ठेवत होता. ऊर्मीची पाळी आली. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात पुढं केले नाहीत. दोन्ही हात फुलीसारखे छातीवर घट्ट धरले, पंजे खांद्याला लावून.

विशालचा कॅमेरा खाली आला. रचनाच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं. टीचर आपल्या बाकावरून अर्धी उठली. मला वाटलं, आता पोरीला सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार. फादरनं चकती परत वाटीत ठेवली, ऊर्मीच्या डोक्यावर हात ठेवला, दोन शब्द पुटपुटला. ती वळून आपल्या जागेवर आली. मागची पोर पुढं सरकली. एवढंच.

नंतर कळलं, ज्याला चकती घ्यायची नाही त्यानं असे हात धरायचे, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतो, अशी त्यांचीच रीत आहे. पोरीनं ती वर्गात टीचरला विचारून घेतली होती. "न घेणाऱ्यानं काय करायचं?" टीचरला वाटलं, पाहुण्यांसाठी विचारते. आम्हा तिघांना तिनं काही सांगितलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुम्ही लोक भांडला असता."

आणि ताई, ती आनंदात नव्हती. गाडीत रडली. तिला ती चकती हवी होती. सगळ्या मैत्रिणींनी घेतली होती. "मला खरं माहीत नाही, आबा, मी बिलीव्ह करते की नाही. माहीत नसताना घेतलं तर ते खोटं होतं ना?" रचनानं मागच्या सीटवर बसून तिला कुशीत घेतलं, फ्रॉक चुरगळला तरी सोडलं नाही.

त्याच दुपारी विशाल उठला, कपडे बदलले नि एकटा चर्चला गेला. मी कुठं चाललास म्हणून विचारलं नाही. दोन तासांनी आला, डोळे लाल. ओट्याशी उभा राहून पाणी प्यायला आणि म्हणाला, "सांगितलं सगळं. तुम्हाला ठाऊक आहे, ते काय म्हणाले? 'आता तू सांगितलंस, आता मी ऐकू शकतो.'" मग म्हणाला, "मी म्हटलं, नाव काढा तिचं. ते म्हणाले, बाप्तिस्मा पुसता येत नाही. तुम्ही खोटं बोललात, पण पाणी खरं होतं. शाळेतून तिला कुणी काढणार नाही." मी खुर्चीवर बसलो. हे कसलं गणित, ताई? आम्ही खोटं बोललो तरी ते त्यांच्या बाजूनं खरंच धरणार? सप्टेंबरात पलीकडच्या सगळ्यांच्या शाळेत घालायचं असं रचना म्हणते. विशाल म्हणाला, "ऊर्मीला विचारू." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

इथं संपलं असतं तर बरं. पण विशालनं भावनेच्या भरात आपल्या आंबेडकर असोसिएशनच्या मित्रांना फोन केले. काल अध्यक्ष दीनानाथरावांचा फोन. येत्या शनिवारी बुद्धजयंतीला हॉलमध्ये कार्यक्रम आहे, त्यात ऊर्मीचा सत्कार! शाल नाही, पोरगी लहान आहे, पण पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह आणि दोन शब्द.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"अहो आबा, कशाबद्दल काय? भर चर्चमध्ये पोरीनं त्यांचा प्रसाद नाकारला! आपल्या धम्माचा विजय आहे हा. समाजाला असे आदर्श पाहिजेत."

ऊर्मी शेजारीच होती. मी फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण मी त्यांच्यासाठी नाही केलं, आबा. मी फादरविरुद्ध पण नाही केलं. मग ते स्टेजवर जे बोलतील ते खोटंच होईल ना?"

मी दीनानाथरावांना म्हटलं, "सत्कार करायचा नाही."

"तुम्ही बुद्धाचे उपासक ना?"

"म्हणूनच म्हणतो. सात वर्षांची पोर आहे, तिला झेंड्याच्या काठीला बांधू नका."

ते रागावले. "कॅनडात येऊन तुम्हीसुद्धा मिशनरी झालात की काय," म्हणाले. वीस माणसांची आमची इथली वस्ती, त्यातले निम्मे आता बोलणार नाहीत. हा माणूस नागपूरला फोन करेलच. तुझ्याकडे कुणी अभिनंदन करायला आलं तर त्याला चहा पाज नि वाटेला लाव. हार घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे घाईनं लिहितो आहे. काल आम्ही शाळेतून चालत येत होतो. ऊर्मी मध्येच थांबली. म्हणाली, "टीचर म्हणते, आपण काय करतो ते गॉड बघतो. आबा, तुम्ही म्हणता गॉड नाही."

मी म्हटलं, "हो. आपण असं मानतो."

"मग त्या दिवशी मी खोटं बोलले नाही, ते कुणी पाहिलं?"

ताई, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. विहारात भाषणं केली, टाळ्या घेतल्या. फुटपाथवर उभा राहिलो आणि मला एक वाक्य सुचलं नाही. "तुझं तूच पाहिलंस" असं तोंडाशी आलं, पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला आणि ही पोर पोकळ आवाज लगेच ओळखते. इथल्या माणसांना, त्या देव न मानणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा, वरून कुणीतरी बघतंय ही सवय हाडात आहे. आपण तो बघणारा काढून टाकला. त्याच्या जागी आपण कुणाला बसवलं, हे मला सात वर्षांच्या पोरीला समजेल असं सांगता येत नाही.

तू शिकलेली नाहीस म्हणून नव्हे, तू जन्मभर कुणी बघत नसताना सरळ वागलीस म्हणून तुला विचारतो. तू तिला काय सांगशील ते तुझ्याच बोलीत सांग, पद्मजा लिहील. मी तिला म्हटलं आहे की नागपूरला मोठ्या आत्याला विचारलं आहे. तिनं मान्य केलं. पण आज शाळेतून आली नि दप्तर टाकायच्या आधीच विचारलं, "आत्याचं आलं का?"

लवकर लिही, ताई.

— शशी